ओनसेनला जाण्यापूर्वी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानची संस्कृती, तिथला प्रवास आणि आरोग्याच्या तिथल्या जुन्या चालीरीती यांविषयी मी लिहू लागले, तेव्हापासून वाचकांच्या पत्रांत एक विषय सतत येत राहिला आहे, तो म्हणजे ओनसेन, अर्थात तिथले उष्ण पाण्याचे झरे आणि त्यांवरची स्नानगृहे. काही प्रश्न संकोचाचे असतात, काही आजारांचे, तर काही अगदी व्यवहाराचे. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न निवडून त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ओनसेन म्हणजे नेमके काय? गरम पाण्याचा कोणताही हौद म्हणजे ओनसेन का?

नाही. जपानमध्ये १९४८ साली झालेल्या कायद्याने या शब्दाचा अर्थ निश्चित केला आहे. जमिनीतून वर येणारे पाणी उगमापाशी २५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक उष्ण असले पाहिजे, अथवा कायद्याने सांगितलेल्या १९ घटकांपैकी निदान एक घटक त्यात ठरलेल्या प्रमाणात असला पाहिजे. दोहोंपैकी एक अट पुरी झाली तरी पुरते. त्यामुळे उगमाशी थंडगार असलेले, पण खनिजांनी युक्त असे पाणीही कायद्याने ओनसेन ठरते आणि ते तापवून स्नानासाठी वापरले जाते. उलट नळाचे पाणी कितीही तापवले तरी ते ओनसेन होत नाही. देशभरात असे सुमारे २७,००० उगम आहेत. ओनसेन हा शब्द उगम, त्यातले पाणी, स्नानगृह आणि त्याभोवती वसलेले गाव या सगळ्यांसाठी वापरला जातो, त्यामुळे वाचताना थोडा गोंधळ होतो.

२. मग सेन्तो म्हणजे काय?

सेन्तो म्हणजे शहरातले सार्वजनिक स्नानगृह. घरोघरी न्हाणीघरे नव्हती त्या काळी सगळी वस्ती संध्याकाळी तिथे जात असे. पाणी बहुधा साधे, तापवलेले असते. सेन्तोचा दर प्रत्येक प्रांताचे प्रशासन ठरवते. टोकियोत ऑगस्ट २०२४ मध्ये तो प्रौढांसाठी ५५० येन झाला. भिंतीवर फुजी पर्वताचे भलेमोठे चित्र काढण्याची पद्धत १९१२ साली टोकियोच्या कांदा भागातल्या एका सेन्तोपासून सुरू झाली. स्नानाचे नियम दोन्हीकडे सारखेच आहेत, म्हणून दूरच्या ओनसेनला जाण्याआधी शहरातल्या एखाद्या सेन्तोत सराव करून पाहा, असे मी आवर्जून सुचवते.

३. खरोखरच अंगावर काहीही न घालता उतरावे लागते का? पोहण्याचा पोशाख चालणार नाही का?

हो, अंगावर काहीही न घालताच उतरावे लागते, आणि पोहण्याचा पोशाख पारंपरिक ओनसेनमध्ये चालत नाही. स्त्रियांची आणि पुरुषांची कुंडे वेगळी असतात. ईशान्य जपानातील काही जुन्या ठिकाणी एकत्र स्नानाची प्रथा अजून टिकून आहे, पण तिथे आपण नकळत जाऊन पोहोचणार नाही. पोशाखाला मनाई असण्यामागे स्वच्छतेचे कारण आहे. कापडात साबण, घाम आणि धूळ राहते आणि ते पाणी तर सगळ्यांचे असते.

आपल्याकडच्या स्त्रियांना हा संकोच फार जड जातो, हे मी स्वतः अनुभवले आहे. पहिल्या खेपेला मी कपडे बदलण्याच्या खोलीत बराच वेळ नुसती बसून होते. शेजारी सत्तरीच्या एक बाई आल्या, त्यांनी कपड्यांची घडी करून वेताच्या टोपलीत ठेवली, हातातला छोटा पंचा पुढे धरला आणि शांतपणे आत गेल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. आतही कोणी कोणाकडे पाहत नव्हते. दुसऱ्याच्या शरीराकडे न पाहण्याचे वळण तिथे लहानपणापासून लागलेले असते, आणि पाच मिनिटांत त्याचा आधार आपल्यालाही वाटू लागतो. तरीही मन तयार नसेल, तर स्वतंत्र कुंडाची सोय प्रश्न ९ मध्ये सांगितली आहे.

४. आत गेल्यावर काय करायचे, ते क्रमाने सांगाल का?

प्रवेशाशी पादत्राणे काढावीत. पुढे दोन दारांवर कापडी पडदे असतात, त्यांना नोरेन म्हणतात. बहुतेक ठिकाणी पुरुषांचा निळा आणि स्त्रियांचा लाल असतो. अनेक मुक्कामी ठिकाणी सकाळ-संध्याकाळ दोन्ही विभागांची अदलाबदल करतात, म्हणून रात्री ज्या दाराने गेलात त्याच दाराने सकाळी सवयीने शिरू नये. पडदा पाहूनच आत जावे.

कपडे आणि मोठा टॉवेल बाहेरच्या खोलीत ठेवून फक्त छोटा पंचा आत न्यावा. आत भिंतीलगत ओळीने नळ, हातशॉवर आणि बुटके स्टूल असतात. तिथे बसूनच अंग धुवायचे असते, कारण उभे राहून धुतल्यास शेजारच्या माणसावर पाणी उडते. साबणाने सर्वांग स्वच्छ करावे, फेसाचा अंशही उरू देऊ नये आणि उठण्यापूर्वी ते स्टूल व बादली पुढच्यासाठी खळखळून धुऊन ठेवावी. मग कुंडातले पाणी लहान घंगाळाने पायांपासून वर अंगावर घ्यावे, म्हणजे शरीराला उष्णतेची सवय होते, आणि त्यानंतर हळूहळू पाण्यात उतरावे. लांब केस वर बांधावेत. पंचा पाण्यात बुडवू नये. लोक तो घडी करून डोक्यावर किंवा काठावर ठेवतात. पोहणे, डुबकी मारणे, मोठ्याने बोलणे तिथे वर्ज्य आहे. बाहेरच्या खोलीत परतण्यापूर्वी पिळलेल्या पंचाने अंग टिपावे, म्हणजे तिथली जमीन ओली होत नाही.

आपल्याकडे स्नान म्हणजे अंग स्वच्छ करणे. ओनसेनमध्ये अंग स्वच्छ झाल्यावरच पाण्यात उतरता येते. एवढा फरक ध्यानात राहिला की वरचा एकही नियम पाठ करावा लागत नाही.

५. दिवाळीत तिथे असू. तेल-उटणे लावून ओनसेनला गेले तर चालेल का?

तेल लावून कुंडात उतरू नये. तेलाचा तवंग पाण्यावर येतो आणि दिवसभर तो इतरांच्या अंगाला लागतो. अभ्यंगस्नान राहत्या खोलीतल्या न्हाणीघरात करावे, तेल साबणाने पूर्ण काढावे, केसांतलेही. उटणे तर खोलीतसुद्धा जपूनच वापरावे, कारण ते मोरीत साचते. ओनसेनला दुसऱ्या वेळी जाणे उत्तम.

६. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या काढाव्या लागतात का?

नियम म्हणून फारसे कोणी सांगत नाही, पण काढाव्यात असे मी कळकळीने सांगेन. गंधकयुक्त पाण्यात चांदी काळी पडते. मी एकदा जोडवी न काढता तशा पाण्यात उतरले आणि दहा मिनिटांनी पाय वर घेतले, तेव्हा ती शिसाच्या रंगाची झाली होती. नंतर ॲल्युमिनियमच्या कागदावर ठेवून त्यांवर खाण्याचा सोडा घातलेले कढत पाणी ओतल्यावर ती पुष्कळशी उजळली. शुद्ध सोन्याला गंधकाने काही होत नाही, परंतु आपले दागिने २२ कॅरटचे असतात आणि त्यांत तांबे किंवा चांदी मिसळलेली असते, त्यामुळे मंगळसूत्राच्या वाट्याही मंदावू शकतात. आम्लधर्मी पाण्याचाही धातूंना उपद्रव होतो.

मंगळसूत्र काढायचे नसेल, तर पाण्याचा प्रकार पाहून जावे. साधे पाणी किंवा क्षारयुक्त पाणी असलेल्या ठिकाणी धोका कमी असतो. प्रकार कुठे लिहिलेला असतो, ते प्रश्न १३ मध्ये आहे. एरवी दागिने खोलीतल्या तिजोरीत ठेवावेत. वेताच्या उघड्या टोपलीत ठेवू नयेत.

७. ओनसेनने कोणते आजार बरे होतात? सांधेदुखीसाठी आईला घेऊन जावे का?

या प्रश्नाचे उत्तर मी नेहमी सावधपणे देते, कारण अपेक्षा मोठी असते आणि विकणारे तर त्याहून मोठी आश्वासने देतात. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने औषधी गुणांच्या पाण्याचे दहा प्रकार मानले आहेत: साधे, क्लोराइडचे, बायकार्बोनेटचे, सल्फेटचे, कार्बन डायऑक्साइडचे, लोहयुक्त, आम्लधर्मी, आयोडीनयुक्त, गंधकयुक्त आणि किरणोत्सारी. या सर्वांना समान अशी उपयुक्ततेची यादी आहे. तीत स्नायू आणि सांध्यांचे जुनाट दुखणे व आखडलेपण, हातपाय गार पडणे, सौम्य उच्च रक्तदाब, तणावामुळे येणारी निद्रानाशासारखी लक्षणे, आजारातून उठल्यानंतरचा अशक्तपणा आणि थकवा यांचा समावेश आहे.

ही यादी नीट वाचली की लक्षात येते, की तीत बरे करण्यापेक्षा आराम देण्याचा भाग अधिक आहे. त्याची कारणेही समजण्यासारखी आहेत. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आखडलेले स्नायू सैल पडतात, पाण्यात शरीराचे वजन तरंगते म्हणून सांध्यांवरचा भार हलका होतो, आणि क्षारयुक्त पाण्यातून आल्यावर त्वचेवर राहिलेल्या थरामुळे ऊब जास्त वेळ टिकते. आईंना सांधेदुखीत आराम पडेल, असे मी म्हणू शकते. झिजलेला सांधा भरून येईल, असे म्हणू शकत नाही, आणि चालू औषधे कोणत्याही कारणाने थांबवू नयेत.

८. रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर? गरोदरपणात जावे का?

अंगात ताप असताना, शरीर फार खंगले असताना, थोड्याशा हालचालीने धाप लागण्याइतका हृदयाचा किंवा फुप्फुसांचा विकार असताना, सूज येण्याइतका मूत्रपिंडाचा विकार असताना किंवा रक्तस्राव चालू असताना ओनसेनला जाऊ नये. जुना आजार अचानक बळावला असेल तेव्हाही टाळावे. गरोदरपण पूर्वी या निषिद्ध यादीत होते. २०१४ साली ते वगळण्यात आले. तरी पाण्याची उष्णता आणि ओल्या फरशीवरून घसरण्याची भीती लक्षात घेऊन आपल्या डॉक्टरांना विचारूनच जावे.

वयस्कर मंडळींबाबत मला जास्त काळजी वाटते. हिवाळ्यात गार खोलीत कपडे काढून एकदम ४२ अंशांच्या पाण्यात उतरल्यास रक्तदाब झपाट्याने वरखाली होतो आणि पाण्यातच शुद्ध हरपू शकते. जपानमध्ये दर हिवाळ्यात वृद्धांचे असे मृत्यू होतात, बहुतेक घरच्या टबात. म्हणून प्रथम अंगावर पाणी घ्यावे, छातीपर्यंतच बसावे, पाच ते दहा मिनिटांत बाहेर यावे आणि उठताना काठ धरून सावकाश उठावे. आधी व नंतर पाणी प्यावे. मद्य घेतल्यावर तरुणांनीही उतरू नये. आईवडिलांना रात्री उशिरा एकटे पाठवू नये.

९. सामाईक कुंडात जायचे नसेल किंवा मासिक पाळी असेल तर काय करावे?

कुटुंबाला किंवा दांपत्याला ठराविक वेळेसाठी भाड्याने मिळणाऱ्या स्वतंत्र कुंडाला काशिकिरी म्हणतात. अनेक र्‍योकानांत, म्हणजे पारंपरिक निवासांत, ते पाऊणएक तासासाठी मिळते. काही खोल्यांना स्वतःचे कुंडही असते, अर्थात खोलीचा दर बराच चढतो. मासिक पाळीच्या दिवसांत सामाईक कुंडात न उतरणे हा शिष्टाचार आहे. त्या दिवसांसाठी आशियु, म्हणजे पाय सोडून बसायची उथळ कुंडे, फार चांगली. ओनसेनच्या गावांत ती रस्त्याकडेला असतात आणि बहुधा विनामूल्य असतात.

१०. मुलांना कोणाबरोबर न्यावे?

सुमारे सात वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींनी आपापल्या विभागात जावे, असे मार्गदर्शन शासनाने २०२० साली दिले. पूर्वी ही मर्यादा दहा वर्षांची होती. सात वर्षांचा मुलगा आईबरोबर जाऊ शकेल की नाही, हे त्या ठिकाणच्या नियमावर ठरते. लंगोट वापरणाऱ्या बाळांना बरीच ठिकाणे प्रवेश देत नाहीत. लहान मुले असतील तर काशिकिरी घेणेच सोयीचे.

११. र्‍योकानमध्ये शाकाहारी जेवण मिळते का?

आधी कळवले तर मिळू शकते. ऐन वेळी सांगून मिळत नाही. र्‍योकानचा दर सहसा माणशी असतो आणि त्यात रात्रीचे व सकाळचे जेवण धरलेले असते, त्यामुळे स्वयंपाकाची तयारी आधीपासून चालते. खरी अडचण दाशीची आहे. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचा मूळ रस्सा. तो बहुतेक वेळा कात्सुओ नावाच्या सुकवलेल्या माशाच्या किसापासून करतात. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा) घातलेले सूप, उकडलेल्या भाज्या, सोबा शेवयांबरोबरचे सार, या सर्वांत तो असतो आणि डोळ्यांना दिसत नाही. ‘मांस-मासे खात नाही’ एवढेच सांगितले, तर पुष्कळदा मासा काढून टाकतात, पण रस्सा तोच राहतो.

म्हणून खोली ठरवतानाच पुढील वाक्य कळवावे: ‘निकु तो साकाना तो कात्सुओ नो दाशी वा ताबेरारेमासेन’, म्हणजे मांस, मासे आणि कात्सुओची दाशी आम्ही खाऊ शकत नाही. कोम्बू या सागरी वनस्पतीची आणि सुकवलेल्या शिताके अळंबीची दाशी शाकाहारी असते, आणि ती चालेल असे जोडीला सांगितल्यास स्वयंपाक्याचे काम सोपे होते. वाकायामा प्रांतातल्या कोयासान या मठांच्या गावी शोजिन र्‍योरी हे मठातले शाकाहारी जेवण मिळते. त्यात कांदा-लसूण नसतो, परंतु मुळा, गाजर, कमळकाकडी असते, हे जैन वाचकांनी ध्यानात ठेवावे.

१२. पहिल्यांदा जाण्यासाठी कोणते ओनसेन निवडावे?

माझे उत्तर ह्योगो प्रांतातले किनोसाकी हे आहे. क्योटोहून जलद गाडीने सुमारे अडीच तास लागतात. काठावर विलोचे वृक्ष असलेल्या एका लहान नदीभोवती गाव वसले आहे आणि तिथे सात सार्वजनिक स्नानगृहे आहेत. पाहुणे युकाता, म्हणजे पातळ सुती किमोनो, नेसून, पायांत लाकडी खडावा घालून एका स्नानगृहातून दुसऱ्याकडे चालत जातात, आणि संध्याकाळी त्या खडावांचा आवाज सगळ्या गल्लीत घुमतो. नवख्या माणसाला तिथे अवघडल्यासारखे वाटत नाही, कारण सगळेच पाहुणे असतात. युकाता नेसताना डावी बाजू उजव्या बाजूवर घ्यावी. उलट पद्धत मृत व्यक्तीला नेसवण्याची आहे.

हाकोने टोकियोला जवळ आहे, पण गर्दी फार. इमारत पाहायची असेल तर मात्सुयामा शहरातले १८९४ चे दोगो ओनसेनचे तीन मजली लाकडी स्नानगृह पाहावे. २०१९ मध्ये सुरू झालेली दुरुस्ती आटोपून जुलै २०२४ मध्ये ते पूर्णपणे खुले झाले. विविधता हवी असेल तर बेप्पूला जावे, जिथे १८७९ पासूनच्या ताकेगावारा ओनसेनमध्ये गरम वाळूत मानेपर्यंत पुरून घेता येते. कुसात्सूचे पाणी मात्र पहिल्या खेपेला घेऊ नये. ते इतके आम्लधर्मी आहे की तिथून वाहणाऱ्या नदीत १९६४ पासून पाण्यात कालवलेली चुनखडीची भुकटी ओतावी लागते, तेव्हा कुठे खालच्या बाजूचे पाणी वापरण्याजोगे होते. नाजूक किंवा कोरड्या त्वचेला ते झोंबते. अशा पाण्यातून आल्यावर साध्या पाण्याने अंग धुवावे. एरवी खनिजयुक्त पाणी अंगावरच सुकू द्यावे, असा तिथला सल्ला आहे.

१३. पाणी अस्सल आहे की भेसळीचे, हे कसे ओळखावे?

भिंतीवरचा फलक वाचून. कपडे बदलण्याच्या खोलीत पाण्याच्या पृथक्करणाचा तक्ता लावलेला असतो: उगमाचे नाव, उगमाशी असलेले तापमान, आम्लता, घटकांची मात्रा, पाण्याचा प्रकार आणि कोणी उतरू नये याची सूचना. भाषा जपानी असली तरी फोनवरच्या भाषांतराने काम भागते. मात्र फोन आत नेता येत नाही आणि कपडे बदलण्याच्या खोलीतही काढू नये, म्हणून अशी माहिती स्वागतकक्षात विचारावी किंवा ठिकाणाच्या माहितीपत्रकात आधी पाहावी.

२००४ साली काही नामांकित ठिकाणी पाण्याला दुधाळ रंग यावा म्हणून स्नानाची भुकटी घातल्याचे किंवा साधे पाणी ओनसेन म्हणून खपवल्याचे उघड झाले आणि देशभर संताप उसळला. त्यानंतर २००५ पासून चार गोष्टी जाहीर करणे बंधनकारक झाले: पाण्यात दुसरे पाणी मिसळले आहे का, ते तापवले आहे का, गाळून पुन्हा फिरवले आहे का, आणि त्यात स्नानद्रव्ये किंवा जंतुनाशक घातले आहे का. उगमाचे पाणी सतत येत राहून काठावरून वाहून जाते, त्या पद्धतीला गेन्सेन काकेनागाशी म्हणतात आणि जाणकार तिलाच मान देतात. तरीही पाणी फिरवून वापरणाऱ्या ठिकाणाला फसवे म्हणू नये. उगम लहान असेल तर दुसरा उपाय नसतो, आणि जंतुनाशक घातले नाही तर साचलेल्या उबदार पाण्यात लेजिओनेला हे घातक जिवाणू वाढतात. जाहीर केले आहे की नाही, एवढे पाहावे.

१४. अंगावर गोंदण असेल तर प्रवेश मिळतो का?

अनेक ठिकाणी मिळत नाही. २०१५ साली जपानच्या पर्यटन खात्याने केलेल्या पाहणीत उत्तर देणाऱ्या सुमारे ६०० ठिकाणांपैकी जवळपास ५६ टक्के ठिकाणी मनाई होती, सुमारे ३१ टक्के ठिकाणी परवानगी होती आणि सुमारे १३ टक्के ठिकाणी झाकल्यास चालत होते. याची मुळे जुनी आहेत. एदो काळात (१६०३ ते १८६८) गुन्हेगाराला शिक्षा म्हणून गोंदत असत, १८७२ ते १९४८ या काळात गोंदवणे बेकायदा होते, आणि पुढे सर्वांगावरचे गोंदण ही संघटित टोळ्यांची खूण मानली गेली.

आपल्या आजी-मावशीच्या हातावरचे तुळशीवृंदावन किंवा कपाळावरचे हिरवे ठिपके या इतिहासात कुठेच बसत नाहीत, पण नियम लिहिणाऱ्याला ते ठाऊक नसते. माझ्या मावशीला एका ठिकाणी थांबवले, तेव्हा तिला आपले काय चुकले ते कळेना. मी स्वागतकक्षात सांगितले, की लग्नाआधी गावच्या बायकांनी हौसेने गोंदलेले हे पन्नास वर्षांपूर्वीचे नक्षीकाम आहे. तिथल्या बाईंनी आत जाऊन विचारले आणि त्वचेच्या रंगाची एक चिकटपट्टी आणून मावशीच्या मनगटावर स्वतःच्या हाताने लावून दिली. अशा पट्ट्या औषधांच्या दुकानांतही मिळतात. खोली ठरवताना गोंदणाचा आकार आणि जागा कळवावी. किनोसाकीच्या सार्वजनिक स्नानगृहांत गोंदणाला हरकत घेत नाहीत, हेही तिथे पहिल्यांदा जा म्हणण्यामागचे एक कारण आहे.

१५. खरा लाभ व्हायला किती दिवस राहावे लागते?

पूर्वीच्या शेतकरी-कोळी कुटुंबांत तोजी नावाची प्रथा होती. कामाचा हंगाम संपला की तांदूळ आणि मिसो बरोबर घेऊन ओनसेनच्या गावी राहायचे, स्वतः रांधायचे आणि रोज थोडे थोडे स्नान करायचे. सात दिवसांचा एक फेरा आणि असे तीन फेरे, म्हणजे एकवीस दिवस, हा जुना हिशेब. १८७६ साली जपानला आलेल्या एर्विन बेल्झ या जर्मन वैद्याने कुसात्सूचा अभ्यास केला आणि तिथले पाणी, हवा व रुग्णांची राहण्याची रीत या सगळ्याचे कौतुक केले. आज एका रात्रीत चार वेळा कुंडात उतरून ‘पैसे वसूल’ करण्याची घाई होते आणि दुसऱ्या दिवशी अंग गळून जाते. पहिल्या दिवशी एकदा, नंतर दिवसातून दोनदा, फार तर तीनदा पुरे. दोन रात्री राहता आल्या तर मधला दिवस पूर्ण रिकामा ठेवावा.

१६. वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे इथली कुंडे म्हणजे आपली ओनसेनच नाहीत का?

तापमानाच्या निकषावर नक्कीच. ती २५ अंशांच्या कितीतरी वर आहेत. तानसा नदीकाठची वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी, पालीजवळचे उन्हेरे, दापोलीकडचे उन्हवरे, राजापूरचे उन्हाळे ही गावे पाहा. शेवटच्या तिघांच्या नावातच ऊन पाणी आहे. दख्खनचा लाव्हा सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा असून केव्हाच निवाला आहे. कोकणातले पाणी भेगांतून खोल जाऊन तिथल्या उष्णतेने तापते आणि वर येते. जपानमध्येही प्रत्येक उगमामागे ज्वालामुखी नसतो. कोबेजवळच्या आरिमाचे तांबूस, खारट पाणी जवळ जिवंत ज्वालामुखी नसताना भूपट्ट खाली सरकताना त्यातून पिळून निघालेले आहे, असे भूवैज्ञानिक मानतात.

फरक पडतो तो पुढे. आपली कुंडे देवस्थानांशी जोडलेली आहेत, तिथले स्नान तीर्थस्नान आहे, आणि तिथे पंचा किंवा लुगडे नेसूनच उतरायचे असते. जपानी शिस्त तिथे जशीच्या तशी लावणे अनुचित ठरेल. परंतु आधी बाहेर अंग धुऊन मग उतरणे आपल्याकडेही सहज शक्य आहे. उन्हवऱ्याला स्त्री-पुरुषांची कुंडे वेगळी आहेतच. काठावर नळ, चार बादल्या आणि पाण्यात काय काय आहे ते सांगणारा मराठीतला एक तक्ता एवढेच तिथे हवे आहे.